चेलोचं तिकीट

विमानात चेलोला स्वतःची खुर्ची लागते,
खिडकीजवळची. पट्टा जोडून लांब करावा लागतो.
तिकिटावर नाव काय घालायचं, हा प्रश्न
रीगाच्या काउंटरवर पहिल्यांदा आला
तेव्हा विर्वे म्हणाली, माझ्या नवऱ्याचं घाला,
तो तसाही कुठे येत नाही.

म्हणून चौतीस वर्षं
विर्वे वाहेर आणि ओलेव वाहेर
शेजारी शेजारी बसून जग फिरले.
वाहेर म्हणजे आमच्या भाषेत मेपल.
चेलोची पाठही मेपलचीच.
हवाई सुंदरी त्याच्यापुढेही जेवण ठेवायची.
ते एन्देल खायचा.

मी दुसरं व्हायोलिन.
लोक विचारतात, पहिलं कधी होणार?
जणू बढती अडलीय कुठे.
पूर्वी समजावून सांगायचे. आता नाही.
मिठाला कुणी दाद देत नाही,
नसलं की ताट सरकवतात.

तार्तूला सुरू केलं आम्ही,
शाळेच्या कोळशाच्या खोलीवर,
बोटं कापलेले हातमोजे घालून.
पहिला कार्यक्रम सामूहिक शेतीच्या सभागृहात.
मानधन: बटाट्यांचं पोतं आणि अर्धं डुक्कर.
हेल्दुर मांस खात नाही,
त्यानं बटाटे जास्त मागितले.
ते भांडण अजून मिटलेलं नाही.

रूबल गेले, क्रून आले, मग युरो.
आमच्या हाती तिन्हींत तेवढंच उरलं:
परतीचं भाडं, वर थोडं लोणी.

एकदा अठरा मात्रांच्या एका तुकड्यावरून
अकरा दिवस बोलणं बंद.
सराव रोज, दहा ते दोन.
हेल्दुर सुरुवातीला नाकानं श्वास घेतो,
छोटा, सर्दी झाल्यासारखा.
त्या अकरा दिवसांत तेवढंच एक वाक्य होतं आमच्यात
आणि चौघांनाही पुरलं.
ध्वनिमुद्रणातून तो श्वास पुसायला निघाले होते,
आम्ही नको म्हटलं.

माझी मुलगी पहिलं पाऊल टाकत होती
तेव्हा मी ओसाकाला.
नवऱ्यानं फोन फरशीजवळ धरला.
पावलं ऐकली मी. लय जरा घाईची होती.

हेल्दुरच्या पेटीत, अस्तराच्या फाटीत
हॅम्बुर्गच्या वाद्यवृंदाचं पत्र आहे.
पगार, घर, तारीख, सगळं लिहिलेलं.
गज शोधताना दिसलं मला एकदा.
ती तारीख उलटून तेव्हा सहा वर्षं झाली होती.
मी अस्तर नीट केलं.
तो बोलला नाही, मीही नाही.

गेल्या मार्चात एन्देलचा हात थरथरू लागला.
आधी वाटलं, मुद्दामच सूर हलवतोय,
जुन्या वळणाचं काहीतरी.
मग एका लांब सुरावर गज घसरला
आणि त्यानं विनोद केला नाही.

ताल्लिनहून एक मुलगी आली व्हिओला घेऊन.
चोवीस वर्षांची. एक सूर चुकली नाही.
चहा दिला, गाडीपर्यंत सोडलं.
विर्वे म्हणाली, छान वाजवते,
पण आपली वाट बघते.
एन्देल कधी वाट बघत नाही,
पोचलेलाच असतो.

शेवटचा कार्यक्रम विल्यांदीच्या चर्चमध्ये.
साठेक माणसं, एक झोपलेलं पोर.
कुणाला निरोप द्यायला चार खांदे लागतात म्हणे.
आमच्याकडे तीनच,
चेलो गुडघ्यांत असतो.
एन्देलच्या वाट्याचे लांब सूर
मी हळूच माझ्याकडे घेतले, जमतील तेवढे.
त्याला कळलं.
एक त्यानं परत मागून घेतला, नुसत्या भुवईनं,
आणि वाजवला. थरथरत.
आम्ही तिघं त्या थरथरीच्या मापानं
थोडे सैल झालो.

रात्री गाडीतून परत.
विर्वेनं सवयीनं चेलोला पट्टा लावला.
दार ओलेवनं उघडलं, घरातल्या चपला घालून.
पेटी दोन्ही हातांनी आत घेत म्हणाला,
आलो वाटतं मी फिरून.